मूळ गाव

तुझ्या तालुक्यात तू मला तीन दिवस फिरवलंस, मोटारसायकलवर.
प्रत्येक बांधाला नाव होतं, प्रत्येक नावामागे एक भांडण,
आणि ओढ्यापाशी गाडी थांबवून तू म्हणालास,
इथे आमचे आजोबा म्हशीवरून पडले.
मी हसले. मग तू विचारलंस,
तुझं गाव कधी दाखवतेस?

तर हे रास अल खैमा.
भाड्याची पांढरी सनी, तुझ्या पायाशी वेफर्सचा चुरा,
आणि आपल्या दोघांच्याही पासपोर्टात
एकच शिक्का. पाहुणे, तीस दिवस.
काचेमागच्या पोराने माझं जन्मस्थळ वाचलं,
वर पाहिलं, मर्‌हबा म्हणाला,
आणि शिक्का तोच मारला.

तुझ्या पायाला अजून वाटतंय तूच चालवतोयस.
प्रत्येक चौकात ब्रेक दाबतोस, चटईवर.

ही जझिरा अल हमरा.
प्रवाळाच्या भिंती, माणसं केव्हाच उठून गेलेली.
शाळेची सहल यायची. सलवा मिस सांगायच्या, इथे भुतं राहतात.
बाकीच्या पोरी किंचाळायच्या.
मला हेवा वाटायचा.
गेल्यावरसुद्धा राहू देतात म्हणजे.

हा कारखाना. बाबांनी इथे एकतीस वर्षं फरश्या मोजल्या.
संध्याकाळी यायचे ते पांढऱ्या भुवया घेऊन,
आई दारातच पंचा द्यायची.
शेवटच्या दिवशी एक घड्याळ मिळालं आणि एकेरी तिकीट.
ते घड्याळ आता नाशिकच्या भिंतीवर
दीड तास मागे चालतं.
कुणी पुढे करायला गेलं की बाबा म्हणतात, असू दे.

ही वादी.
वादी म्हणजे?
ओढा.
मग पाणी?
येतं, वर्षातून एक-दोनदा. लोक मोटारी काढून बघायला जातात.
तू गप्प. तुझ्या तोंडावर पंचगंगा दिसते मला.
थांब, मी म्हणते, आणि वळणावर
ते झाड येतं, एकटं, खाली चार शेळ्या.
इथले गाफ म्हणतात.
नीट बघ की मुकुल, शमी आहे ही.
दसऱ्याला आई इथे यायची, बाबा रस्त्याकडे तोंड करून उभे,
मी हळदकुंकवाची डबी धरून.
अक्षता शेळ्या खायच्या, तेवढ्यापुरता प्रसाद.
तू खाली उतरलास. खोडाला हात लावलास,
आणि का कोण जाणे, मग तोच हात खिशात ठेवलास.

वरचा घाट मी लहान असताना नव्हता.
नुसता डोंगर होता, आम्ही खालून बघायचो.
म्हणून घाटात मीही तुझ्याइतकीच नवखी,
ते तुला सांगितलं नाही.

आता नखील.
इथे इराण्याची भट्टी होती, इथे अब्दुरहिमानचं वह्यांचं दुकान,
उधारीच्या वहीत आमचं नाव "मराठी टीचर",
आई शिकवत नव्हती कुठेच, फक्त चष्मा लावायची.
आणि हे आमचं घर.
तू बघतोस. वाळू, दोन डंपर, एक पिकअप,
टायरने आखलेल्या रांगा.
कुठलं?
थांब.
मी गाडी मागे घेते. थोडी डावीकडे. विजेचा खांब माझ्या बाजूला,
मशिदीचा मिनार बरोबर आरशात,
जसा खिडकीत असायचा.
हं. आता आपण स्वयंपाकघरात आहोत.

इंजिन बंद केलं. एसीही गेला.
मला वाटलं तू काही बोलशील, काहीतरी बरं वाटेलसं,
आणि मला मग रडावं लागेल.
तू पुढे झुकून दोनदा हॉर्न वाजवलास,
सकाळपासून बघत होतास लोक कसे वाजवतात ते.
समोरच्या कॅफेटेरियातून पोरगा धावत आला.
दोन करक, तू म्हणालास, एक बिनसाखरेचा, त्यांना लागतो.
मी विचारलं, कुणाला?
तू मागच्या सीटकडे मान हलवलीस, जिथे
भिंतीला टेकून बाबा बसायचे.

कप हातात घेताना खाली लक्ष गेलं.
आत येतानाच कधीतरी
तू चपला काढून ठेवल्या होत्यास.