रंग मुरतो का

हर्म्सडोर्फच्या कारखान्यात रोसविथा
तेवीस वर्षं चिनीमातीचे तुकडे गुलाबी रंगात बुडवत होती.
विजेच्या खांबांवरचे इन्सुलेटर.
फोडलेल्या कडेत रंग केसभर जरी मुरला
तर अख्खी भट्टी बाद.
"छिद्र म्हणजे पाप," फोरमन हार्टविग म्हणायचा,
आणि तिच्या नखांतला गुलाबी
रविवारीही जायचा नाही.

आता त्याच शेडमध्ये
तिला छिद्रंच हवीत.
पांढऱ्या नळ्या, पेन्सिलीएवढ्या. आतून एक थर,
इतका पातळ की आहे असं मानायचं.
त्यातून हायड्रोजन निसटतो,
मोठ्यांच्या पायांतून पोर निसटावं तसा.
मिथेन दाराशीच अडतो,
अंगाने थोराड.

नळी स्पिरिटमध्ये धरायची,
आतून दाब द्यायचा, वाट पाहायची.
बुडबुडा आला की नळी गेली.
मोजता न येणारी भोकं बरोबर,
एकच जरा मोठं.

मी नवा. विचारलं, कंटाळत नाहीस?

तिने दाब थोडा वाढवला. मग, काट्यावरची नजर न काढता:
"एकोणनव्वदच्या ऑगस्टमध्ये माझा भाऊ
हंगेरीतून पलीकडे गेला. एक पिशवी घेऊन.
मलाही चल म्हणाला होता.
मला आई होती, दोन लेकरं,
आणि दुसऱ्या दिवशी उघडायची भट्टी."

स्पिरिट हललं नाही.
तिने नळी पुसली, टोकाला तारीख घातली,
सवयीने खिडकीच्या उजेडात धरली.
आरपार काहीच
दिसत नव्हतं.