खिडकी क्रमांक तीन

अमॅरिलोच्या छोट्या कोर्टात मी दंड जमा करते.
काचेखाली बोटभर फट.
तिच्यातून चेक येतात, नोटा येतात,
वारा सुटला की लाल धूळही.
वेग जास्त : दोनशे दहा.
कुत्रा मोकळा : पंच्याऐंशी.

मारिसेला ओंतिवेरोस मार्चमध्ये आली,
हातात पिवळा लिफाफा, तोंड दोनदा चिकटवलेलं.
वडिलांचं अकॉर्डियन तिनं विकायला काढलं होतं,
जाहिरातीत नंबर दिला होता.
एकानं विचारलं, अजून आहे का?
तिनं लिहिलं, आहे.
मग ते आलं.
ती भाचीला तोर्तिया भरवत होती तेव्हा.

अर्जात रकाना : आपण मागितलं होतं का?
तिनं ‘नाही’ लिहिलं,
पेन इतकं दाबून
की खालच्या दोन कोऱ्या पानांवर
तेवढाच शब्द उमटला.

पुसू नका, पोलीस म्हणाला होता.
म्हणून पाच महिने ते तिच्या फोनमध्ये राहिलं,
आईच्या एक्स-रे आणि पीचच्या झाडामध्ये.
जे बघायचं नव्हतं
ते बघायचं नव्हतं एवढं सांगायला
तिनं ते सात जणांना दाखवलं.
सातवी मी.
मी त्यावर शिक्का मारला. पुरावा, अ.
शिक्का तिरका पडला. मुद्दाम नाही.
अगदीच मुद्दाम नाही असंही नाही.

तो ऑगस्टमध्ये उगवला, इस्त्रीच्या शर्टात.
कुणासारखा दिसेल वाटलं होतं कोण जाणे,
दिसला माझ्या दातांच्या डॉक्टरसारखा.
गंमत केली, म्हणाला.
जज ट्रॅम्बलनी चष्मा काढला.
कुणाची?
तो उत्तर शोधत राहिला,
आम्ही सगळे थांबलो.

दंड पाचशे. कायद्यात याच्या वर आकडा नाही.
हप्त्यानं चालेल का, त्यानं खिडकीशी विचारलं.
चालतं.
पैसे सरकारी खात्यात जातात.
तिला त्यातला छदामही नाही.

तरी दुसऱ्या दिवशी ती आली,
निकालाची प्रत घ्यायला. पानाला एक डॉलर.
मी म्हटलं, आता पुसलंत तरी चालेल.
ती तिथंच उभी राहिली, रांग खोळंबवून,
अंगठा काचेवर, बराच वेळ.
मागचा कुरकुरला. कुत्रेवाला होता.
त्याला म्हटलं, थांबा.

आणि अकॉर्डियन?
नाही विकलं, ती म्हणाली.
एक सूर अडकतो,
तो आधी सोडवायचाय.