तेरावा चॅनेल

उद्यमबागेत, बिर्जे फाउंड्रीच्या मागल्या खोलीत
काड्यापेटीपेक्षा जरा मोठा बोर्ड
तीन दिवस मुका.
भट्टीचं तापमान त्याला कळतं,
सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी मी ड्रायव्हरवर खापर फोडलं.
कर्नल एका आवृत्तीचा, मॉड्यूल दुसऱ्या.
जुळवलं, पुन्हा कंपाइलला लावलं,
तेवढ्यात ईरण्णानं दोन हीट ओतल्या
आणि घाम पुसत दारात आला.
"आगवल्दु?"
"न्हाई की आगत," मी म्हटलं,
अर्धं त्याचं, अर्धं माझं.

दुसऱ्या दिवशी लॉगमध्ये, खालून चौथी ओळ:
फर्मवेअर सापडलं नाही, उणे दोन.
सापडलं नाही कसं? फाइल होती की तिथंच,
माझ्या डोळ्यांदेखत.
फक्त नावातली रेघ
जी पायाशी हवी, ती कमरेला मारलेली.
एवढ्याशा रेघेनं माझी झोप खाल्ली.

रेघ खाली उतरवली. चिप जागी झाली.
आजूबाजूचं सगळं ऐकू यायला लागलं तिला:
समोरचा चहाचा गाडा, पलीकडचं कोटिंगवालं शेड,
'नम्म मने' नावाचा कुणाचा तरी फोन.
आमचा राउटर तेवढा नाही.
दहा फुटांवर, भिंतीला, हिरवा दिवा मिचकावत.

अँटेना बदलली.
पेटीचं पत्र्याचं झाकण काढून बघितलं.
मच्छेहून आईचा फोन: "येतीस काय?"
"तू जेवून घे."

तिसऱ्या दिवशी ईरण्णाच्या डब्यातली रोट्टी मोडताना
आठवलं,
शेजाऱ्यांची गर्दी नको म्हणून गेल्या दिवाळीत
मीच राउटर तेराव्या चॅनेलवर नेऊन ठेवला होता.
खरकट्या हातानं चिपला विचारलं,
तू कुठं आहेस म्हणून समजतेस?
देश: शून्य शून्य.

ठावठिकाणा माहीत नसला की
बाराव्या-तेराव्याकडं फिरकायचं नाही,
असं तिला कारखान्यातून निघतानाच शिकवलेलं.

दोन अक्षरं टाइप केली. आय, एन.
तिनं पुढं काही विचारलं नाही.
राज्य नाही, तालुका नाही, मातृभाषा नाही.
शाळेच्या फॉर्मवर बाबांनी जे रकाने
पेन्सिलीनं भरून, खोडून, पुन्हा भरले
त्यातला एकच तिला पुरला.

स्क्रीनवर आकडा आला, चौदाशे अकरा.
"बंतु?"
"बंतु!"
बिर्जे मालकांनी चष्मा कपाळावर नेऊन बघितला
आणि विचारलं, हे रोज येणार काय?

तेवढ्यात लाइट गेली.

परत आली तेव्हा राउटर हिरवा,
बोर्ड जागा,
आणि देश पुन्हा शून्य शून्य.
फाइलीत लिहून ठेवायचं राहिलं होतं.

मालक काही न बोलता निघून गेले.
ईरण्णानं स्टूल माझ्याकडं सरकवलं
आणि चहा सांगायला बाहेर गेला.
कुठल्या भाषेत सांगितला, मी ऐकलं नाही.
मी फाइल उघडत होते.