परकीय नागरिक, नग एक

धर्माबाद ठाण्यात गोपनीय शाखा म्हणजे
एक टेबल, एक कपाट आणि मी.
कपाटात लाल कापडी पाठीची नोंदवही,
परकीय नागरिकांची.
पानं शंभर. बाई एकच.

पहिल्या वर्षी साहेबानं सांगितलं तसं मी लिहिलं :
राय मुंडे.
बाई हसली. रायमुंदा, म्हणाली, एकच शब्द आहे.
सरकारी वहीत खाडाखोड चालत नाही.
तेव्हापासून गल्लीत ती मुंडेबाई,
आणि बीडकडचा पाहुणा आला की विचारतो,
कोणत्या गावचे मुंडे म्हणायचे?

नवरा मन्मथ हुरणे, बोअरच्या गाडीवरचा माणूस.
तिकडच्या मोठ्या नदीच्या काठी कंपनीसाठी
सात वर्षं भोकं पाडत राहिला
आणि येताना हिला घेऊन आला.
जमिनीत काय लागलं ते कुणाला सांगत नाही.

'कायमचा पत्ता' हा रकाना अजून कोरा आहे.
घर ओंडक्यांवर, म्हणाली, पाण्यात.
नदी चढली की दोर ढिला सोडायचा,
उतरली की ओढून घ्यायचा.
गल्ली?
गल्लीपण हलते.
शेजारी?
एका वर्षी त्यांचा दोर तुटला,
दोन कोसांवर जाऊन थांबले,
आता ते तिथल्यांचे शेजारी.
पिनकोड विचारायचं मी सोडून दिलं.

तिच्या गावाला रस्ता जात नाही, तीन दिवस होडी.
आमच्याकडं रस्ता आहे, रेल्वे आहे,
नळ आठव्या दिवशी.
पहिला टँकर आला तेव्हा घागर बाजूला ठेवून
ती नुसती बघत उभी राहिली :
एवढंसं पाणी, आणि त्याला चाकं!

आधी तेलुगू शिकली,
मिरचीची देठं खुडायला बसायची त्या बायकांची.
मग मराठी, तीही आमची.
बायका विचारायच्या, करमूलालंय का गं?
करमूलालंय की, म्हणायची, कामून करमंना?
आणि शिंकायची. मिरचीचा खकाणा
तिला अजून सोसत नाही,
किंवा शिंकेचं निमित्त बरं पडतं.

गोपनीय शाखेला सगळं माहीत असतं.
हुरण्यांच्या घरात लिंग आहे, विभूती आहे,
मासळीचं नाव नाही.
बुधवारी बाई भोयाच्या नरसाबाईकडं जाते,
चुलीपाशी बसून मरळ खाते,
काट्यासकट, बोटं चोखत,
एक शब्द न बोलता, कुठल्याच भाषेत.
घरी येते तेव्हा मोरीच्या दगडावर
अर्धं लिंबू ठेवलेलं असतं. सासू
तेवढ्यात देवघरात काहीतरी शोधत असते.
हे मी कुठंही लिहिलेलं नाही.
शेऱ्यात लिहितो : वर्तणूक चांगली,
आक्षेपार्ह काही आढळले नाही.

यंदा माझा बंदोबस्त बाभळीच्या बंधाऱ्यावर होता.
एक जुलै. कोर्टानं ठरवलेली तारीख,
त्या दिवशी दरवाजे उचलायचे
आणि गंगा खाली तेलंगणात जाऊ द्यायची.
बाईची मुदत आदल्या दिवशी संपलेली.
कागद घेऊन ती तिथंच आली,
ॲटोनं, डोक्यावर पदर, प्लास्टिकच्या पिशवीत चार फोटो.

पाणी सुटलं. दोन राज्यांचे इंजिनिअर
एकमेकांकडं न बघता सह्या करत होते.
मी जीपच्या बॉनेटवर तिचा अर्ज भरत होतो,
ती कठड्याला पोट टेकून वाकलेली.
म्हणाली, नदीलापण मुदत असते होय इथं?
असते, म्हणलो. सही करा इथं.
सही केली. पेन परत दिलं नाही.
बराच वेळ फेस खाली जाताना बघत राहिली,
मग विचारलं,
सोडताना दोर कुणी धरत नाही का?

मी म्हणलो,
दरवाजे विजेवर चालतात, बाई.