निरंक

शार्दूलने जेवताना विचारलं,
"आत्या, कुणी खरंच आणेल का गं कंटेनरमधून,
तो मोठा बॉम्ब? शहर पुसणारा?"
उलव्याचा अकरावा मजला, बोंबलाचं कालवण,
आणि माझ्या ताटात हा काटा.

मी बंदराच्या चार नंबर गेटवर बसते.
दोन पिवळे खांब. मधून ट्रेलर जातो
माणूस चालेल त्या वेगाने,
आणि खांब ऐकतात.
प्रशिक्षणात तीन दिवस बरंच शिकवलं,
माझ्याजवळ उरलं एवढंच
की प्रत्येक वस्तू थोडंफार बोलते.

केळी बोलतात. खताची पोती बोलतात.
न्हाणीघराच्या चकचकीत फरशा तर
लग्नातल्या मामीसारख्या, थांबतच नाहीत.
एकदा घंटा वाजली आणि ट्रेलर रिकामा.
ड्रायव्हरच बोलत होता.
गळ्याच्या गाठीसाठी औषध पाजलेलं आदल्या आठवड्यात,
पोरांपासून लांब राहा म्हणाले होते डॉक्टर,
गेटपासून लांब राहा असं कुणी म्हणालं नव्हतं.
बिचारा खिसे उलटे करत राहिला:
लायसन, आधार, बायकोचा फोटो, तंबाखूची पुडी.

सहा वर्षांचं रजिस्टर उघडलं तर
फरशा, फरशा, खत, मांजरांची माती, फरशा, गळा.
शेवटच्या रकान्यात, संशयास्पद:
निरंक.

म्हणून म्हटलं, नाही रे.
त्याला जो माल लागतो तो असा पडलेला नसतो,
आणि मिळाला तरी चार माथेफिरूंचं ते काम नव्हे.
त्याला कारखाने लागतात, वर्षं लागतात, सरकार लागतं.
आणि ज्या सरकारांकडे तो आहे
ती काही चार नंबर गेटने येत नाहीत.

हे सांगताना बरं वाटलं. भात वाढला.

मग मनात आलं ते बोलले नाही.
एखाद्या बंद पडलेल्या इस्पितळातलं यंत्र,
तुर्भ्याच्या भंगारात बोटभर नळी,
ती कुणाच्या तरी हाती, मुद्दाम किंवा नुसतीच.
माणसं फार मरायची नाहीत कदाचित.
पण मग वाशीच्या बाजारातली भाजी कोण घेईल?
त्या गल्लीतल्या पोरीला स्थळ कुठून येईल?

आमचे बाबा खारबांधावर रात्री कंदील घेऊन बसत,
जिथे आता कंटेनर सात-सात थरांत उभे आहेत तिथेच.
उधाणाला ते भीत नसत.
उधाणाची वेळ ठाऊक असते, म्हणायचे,
खेकड्याच्या बिळाची नसते.
एक बीळ राहिलं की पहाटे खांड पडलेली,
आणि वर्षाचा भात खाऱ्या पाण्यात.

गेल्या आश्विनात, रात्री पावणेतीन वाजता
खांब मुके झाले.
दिवा हिरवा, आत काही नाही.
करळ फाट्यापर्यंत रांग, हॉर्न, शिव्या,
जहाज सुटायची वेळ.
कडूसाहेब (आडनाव फक्त, माणूस गोड) हळूच म्हणाले,
"सोड गं. फरशाच असतात."
चाळीस मिनिटं. एकसष्ट गाड्या.
मी मोजल्या, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

फरशाच होत्या बहुतेक.
आजवर कुठेच काही झालेलं नाही,
म्हणजे फरशाच.

आता ड्यूटीवर गेल्यागेल्या
तपासणीची चकती खांबापुढे धरते,
दोनदा, कधी तीनदा,
आणि घंटा कोकलली की जिवात जीव येतो.
नवीन पोरं हसतात.

"मग काय, हो की नाही?" शार्दूलने पुन्हा विचारलं.
"जेव. काटे बघून जेव," म्हटलं.

त्या रात्रीचं पान अजून आहे रजिस्टरमध्ये.
पावणेतीन ते तीन पंचवीस.
अक्षर माझंच, सुबक,
शाळेत बक्षीस मिळालेलं:
निरंक.