एक चिरा कमी

नकाशा कातळावरच पसरला.
चार कोपऱ्यांवर चार दगड,
तरी वाऱ्यानं एक कोपरा उचललाच,
आणि सफियाबाईंच्या अजून न बांधलेल्या झोपायच्या खोलीतून
एक मुंगळा सरळ चालत गेला.

विजयदुर्गाच्या अलीकडे, सड्याच्या उतारावर
अठरा गुंठे.
वर काळा कातळ, खाली दुसऱ्या कुणाची कलमं,
मध्ये एक उंडी, वाकडी,
वयाचा दाखला नसलेली.
मी तीन आराखडे आणले होते.
तिन्हींत पश्चिमेला अखंड काच.

लाडू मेस्त्रींनी काचेकडे बघितलंच नाही.
उकिडवे बसले, पाचोळा हातानं सारला,
खालचे गोटे दाखवले:
गुळगुळीत, सगळे एकाच बाजूला कललेले.
‘व्हाळ हयसून जाता, बाई.
तुमच्या कागदार नसात.
पण तेका खंय म्हायत तुमचो कागद?’

चैत्र होता. पाण्याचा टिपूस नाही.
त्या कोरड्या वाटेला मी फूटपट्टी लावली
आणि खोडरबरानं
घर सहा हात मागे घेतलं.

मग उंडीसाठी भिंतीला खाच.
मग वारुळासाठी ओटीला वळण
(ते हलवायचं नाही, मेस्त्री म्हणाले;
कारण विचारलं तर नुसते हात जोडले).
मग सकाळी घोरपड ज्यावर ऊन खाते
तो दगड, पायरी म्हणून, तसाच.
संध्याकाळपर्यंत घराचा आकार
लग्नघरात उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा झाला,
अंग चोरून, मिळेल तिथं टेकलेला.
मला तो आवडला नाही.
रात्री पुन्हा उघडून बघितला तेव्हा थोडा आवडला.

सफियाबाई रिक्षातून उतरल्या, छत्री उघडून.
एकतीस वर्षं कुवेतच्या इस्पितळात रात्रपाळी,
त्यामुळे उन्हाशी अजून परकेपणा.
काचेच्या रेषेवर बोट ठेवलं.
‘ही कोण पुसणार?’
‘समुद्र दिसेल,’ मी म्हणाले.
‘खारं वारं आत आलं की कड्या गंजतात,
पापड सादळतात,
कुराणाची पानं एकमेकांना चिकटतात.
ऐकू येतो तेवढा पुरे.’

स्वयंपाकघर पूर्वेला, व्हाळाकडे.
झोपायचं उंडीपाशी.
पश्चिमेला भिंत. सलग.

कॉलेजात आम्ही त्याला व्ह्यू म्हणायचो.
चौरस फुटाला त्याचे वेगळे पैसे पडतात.

चिरे आले, खाणीतून नुकते निघालेले, ओलसर,
कुऱ्हाडीनं तासता येतील इतके मऊ.
‘वारो लागात तसो घट्ट होतलो,’ मेस्त्री म्हणाले,
आणि मग, मी विचारलेलं नसताना,
‘तेंचो भाव होतो एक. धाकटो.’
एवढंच. ओळंबा खाली सोडला
आणि तो हलायचा थांबेपर्यंत
दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

भिंत पाचव्या थराला पोचली त्या दिवशी
बाई पालथ्या घमेल्यावर बसल्या.
पाठ भिंतीला. बराच वेळ.
नंतर वळल्या, एका चिऱ्यावर हात ठेवला.
‘हा नको.’
‘खिडकी करायची?’
‘नाही हो. एक चिरा कमी, एवढंच.
उभ्यानं दिसायला नको.
बसलं तर...’
पुढचं वाक्य त्यांनी छत्रीसारखं मिटलं.

तेवढ्या भोकातून
खाडीच्या मुखाशी पाण्याचा एक तुकडा दिसतो,
एखादी होडी तीन श्वास मावते, मग जाते.
आराखड्यात ते मी अजून दाखवलेलं नाही.
दाराला खूण आहे, झरोक्याला आहे,
याला कुठली असते ते मला ठाऊक नाही.

काढलेला चिरा मेस्त्रींनी खांद्यावर घेतला,
खाली नेला, व्हाळाच्या कोरड्या वाटेत
आडवा ठेवला, पायानं दाबून बघितला.
पलीकडे जायला,
पाणी येईल तेव्हा.