आण्णाप्पांचे आक्षेप

पडद्यावर डोंगराच्या पोटात काचेचा महाल,
आत चांदीची काठी टेकवत फिरणारा एकजण,
आणि खुर्चीला बांधलेल्या आपल्या हेराला तो
बेत समजावून सांगतोय. सगळा. नकाशासकट.
माझ्या शेजारी आण्णाप्पा चौगुले,
पाटबंधारे खात्यातले, नदीची पातळी लिहायचे,
शेंगांच्या पुडीत बोटं घालून थांबलेत:
"आधी मार की रं त्याला. सांगत काय बसलाईस?"

पुढच्या रांगेतलं पोरगं वळून बघतं.

बेत असा, की रात्री बाराला एका बटणावर
धरणाचे सगळे दरवाजे उघडायचे,
खालचं शहर बुडवायचं
आणि मग उरलेल्या जगाकडं सोनं मागायचं.
"बटणावर!" आण्णाप्पा खुदकन हसतात.
"दरवाजा उचलायला मोटार लागती, मोटारीला लाईट.
लाईट गेली की जनरेटर, त्याला डिझेल,
डिझेलच्या खोलीची किल्ली जमादाराकडं,
आणि जमादार शुक्रवारधरनं जतला, सासुरवाडीत."

लाल आकडे उलटे पळायला लागतात. नऊ मिनिटं. आठ.
"बुडवणाऱ्यानं घड्याळ लावावंच कशाला,
अन् तेबी दुश्मनाला दिसंल असं?"
काळ्या कपड्यातली दोनशे माणसं जिना उतरतात.
"ह्यांचा स्वयंपाक कोण करतंय?
दोनशे माणसं म्हणजे एका वेळंच्या चारशे भाकरी.
पिठाचा ट्रक त्या डोंगरात चढला कुठनं?
त्याची पावती धरली असती,
तर ह्या गड्याला विमानातनं उडी मारायला लागली नसती."

मागून कुणीतरी म्हणतं, आजोबा, गप बसा की.
हेर निळी तार कापतो. सात सेकंद उरलेली.
डोंगर फुटतो, महाल खचतो,
चांदीची काठी आगीत पडते. शिट्ट्या.

येताना त्यांनी आयर्विन पुलावर गाडी थांबवायला लावली.
एप्रिल. नदी पार तळाला,
खांबावरचे फुटांचे आकडे कोरडे,
त्यावर एक बगळा, पंचविसाच्या आसपास.
कठड्याला हात टेकून ते वरच्या आकड्यांकडं बघत राहिले,
पुस्तकातली आपली जुनी खूण बघावी तसे.

मी विचारलं, चूक नेमकी कुणाची होती हो?

"वरच्यांनी वरच्या कागदावर बरोबर लिहिलं.
खालच्यांनी खालच्या.
पावसानं कुठं सही केली न्हाई.
मी रात्री अडीचला एकोणचाळीस फूट नऊ इंच वाचलं.
चाळीसला इशारा. फोन लावला, लागंना.
परत लावला. मग चहा टाकला.
चहा, लेका.
आधण यायला लागतो तेवढा वेळ.
त्याचं घड्याळ कुणी दाखवलं न्हाई."

काकू सांगायच्या, पाणी ओसरल्यावर वर्षभर
ते पेपरातली कात्रणं बिस्किटाच्या डब्यात साठवत होते.
प्रत्येक नावाखाली लाल पेन्सिलीची रेघ.
एका कात्रणावर इतक्या रेघा, की कागद फाटलेला.
कुणीतरी एक हवा होता. कॉलर धरायला.

"त्या काठीवाल्यासारखा असता की नाही,"
ते गाडीवर बसता बसता म्हणाले,
"झोप तरी लागली असती."

मग गावभागापर्यंत काहीच नाही.
गल्लीच्या भिंतींवर पुराची रेघ अजून आहे,
कुणी तिच्यावर रंग दिलाय, कुणी मुद्दाम सोडलीय;
हेडलाईटच्या उजेडात ती आमच्या डोक्याच्या वरनं
आमच्याबरोबर चालत होती.

दारात उतरले. फाटकाला हात घातला, थांबले.
"डोंगर फुटला तेव्हा
ती भाकरीवाली बाई आत होती का बाहेर?"
कुठली बाई, मी म्हणालो, बाई नव्हतीच पिक्चरमध्ये.

"असणार की. चारशे भाकरी.
उद्या परत जाऊया, तीनचा खेळ.
मागनं कुठं धूर दिसतोय का
तेवढं नीट बघतो."